कपाटामागचा बोळ

“नव्या सुनेला सरळ सांगितलं की ती हट्टाला पेटते. घाबरवलं की ऐकते. रात्री जेवणं होऊ देत, मी बघतो.”

काका हे सासूबाईंना म्हणाले तेव्हा मी दाराआड रिकाम्या कपबशा घेऊन उभी होते. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. लग्न होऊन काही महिने झाले तरी या घरात माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही, त्यामुळे मला कानही नसावेत असा एकंदर समज आहे. मी कपबशा आवाज न करता विसळल्या आणि रात्रीची वाट बघत राहिले.

भानगड माझ्या कामाची होती. जुन्या शहरांचे कागदी नकाशे स्कॅन होऊन माझ्याकडे येतात आणि मी ते संगणकावर आजच्या नकाशावर बसवते. जागचं न हललेलं काही शोधायचं, म्हणजे पूल, घड्याळाचा मनोरा, शाळेचा कोपरा, आणि जुन्यावर एक टाचणी, नव्यावर तिची जोडीदारीण असं लावत जायचं. टाचण्या नेमक्या पडल्या की आजोबा-पणजोबांच्या काळातला कागद ताणला जाऊन आजच्या रस्त्यांवर चपखल बसतो. मग तो खुला केला की कुणालाही फोनवर दिसतो. पडद्यावरची पट्टी सरकवली की जुनं शहर उमटतं, उलटी नेली की विरतं.

गेल्या महिन्यात आमच्याच भागाचा नकाशा आला. पट्टी सरकवली, तर आमच्या जेवणघरातून एक बोळ चालला होता, रस्त्यापासून थेट मागच्या घरापर्यंत. आजेसासऱ्यांनी कधीतरी भिंत घालून तो घरात घेतला होता.

मागच्या घरात शिवणकाम करणारी एक म्हातारी राहते, सगळे तिला मावशी म्हणतात. तिला बाहेर पडायला उरली आहे ती नाल्याच्या काठाची वीतभर वाट. मध्यंतरी ती घेरी येऊन पडली तेव्हा स्ट्रेचर तिथे वळेना. खुर्चीत बसवून, दोघांनी धरून, कसंबसं तिला बाहेर काढलं. वाचली. पण पुढच्या वेळी काय? वाटेसाठी ती नगरपालिकेत खेटे घालते आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, बोळ होता हे दाखवा.

तो पुरावा माझ्याकडे होता. जेवताना मी एवढंच बोलले, तर सगळ्यांचे घास थांबले. नवऱ्याने मीठ मागितलं, जे त्याच्या हाताशीच होतं.

त्या शनिवारी रात्री जेवणं झाली आणि वीज गेली. ती आपल्याच सोयीसाठी गेली असं काकांना वाटलं असावं. जेवणघरात मेणबत्ती लावून ते खुर्ची ओढून बसले. समोर मी, नवरा आणि नणंद. सासूबाई भिंतीजवळच्या मोठ्या लाकडी कपाटाला टेकून उभ्या.

“ऐकीव नाही बरं का,” काकांनी सुरुवात केली. “माझ्या ओळखीतला माणूस. आपल्या सूनबाईंच्याच कामातला.”

तो म्हणे दुसऱ्या गावी एकटा राहायचा. डिसेंबरातला शेवटचा मंगळवार होता, बाहेर धुकं. एक नकाशा सकाळी द्यायचा म्हणून जागत बसला. सगळं बसलं, एक बोळ तेवढा बसेना, कारण आज त्या जागी त्याचंच घर होतं. पट्टी सरकवली तर बोळाच्या पार टोकाला एक शाईचा डाग दिसला, तिळाएवढा. असेल झुरळाचा प्रताप, म्हणून त्याने सोडून दिलं. चहा करून आला. पट्टी परत सरकवली.

“डाग बोळाच्या मध्यावर होता.”

नणंद माझ्याकडे सरकली. दोन डाग असतील, असं नवरा पुटपुटला.

“त्यालाही तसंच वाटलं,” काका म्हणाले आणि आवाज खाली आणला. मान्य करायला हवं, काका सांगतात छान. “त्याने पट्टी उलटी नेली. शहर विरलं. परत आणली... डाग आणखी पुढे. तीळ नव्हता आता. गव्हाएवढा. डोकं होतं त्याला. एक हात. हात भिंतीला... चाचपत येत होतं. त्याच्या घराकडे. त्याने मशीन बंद केलं. पडदा काळा. आणि भिंतीच्या आतून...”

“आतून काय?” नणंदेने विचारलं.

“हात घासत जातो ना... तसं. त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग थांबलं. त्याच्या खुर्चीमागे.”

नणंदेने पाय खुर्चीवर ओढून घेतले.

त्या माणसाने सकाळी नकाशा पुसून टाकला आणि काम सोडलं, असं काकांनी माझ्याकडे बघत संपवलं. गोष्ट तिथेच संपायची. पण नणंदेने विचारलं, हे खरं कशावरून, आणि काकांना रंग चढला होता.

“खूण राहिली ना भिंतीवर. कमरेच्या उंचीवर. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून भिंत काळवंडते, तशी रेघ. दोनदा रंग दिला, तरी वर येते. शेवटी कपाट...”

ते थांबले.

सासूबाई कपाटापासून झटकन बाजूला झाल्या. ते कपाट अर्धी खिडकी झाकतं. सरकवून झाडू का, असं मी एकदा विचारलं होतं. तिथे हात लावायचा नाही, एवढंच उत्तर मिळालं होतं.

नवऱ्याने मेणबत्ती उचलून तिकडे धरली.

कपाटाच्या कडेतून रेघ बाहेर आली होती. काळपट. तेलकट. रस्त्याच्या दिशेने... चार बोटं लांब. मग थांबलेली. दुपारी तिथली जळमटं मीच काढली होती. तेव्हा भिंत कोरी होती.

“सूनबाई,” काका म्हणाले. आता तो गोष्टीतला आवाज नव्हता. “ते काम... राहू दे.”

मला भीती वाटली नाही असं नाही. पण त्या भिंतीत जे कुणी चाचपत होतं ते वाट शोधत होतं, आणि वाट शोधणारी एक बाई मागच्या घरात अजून जिवंत होती. मी लॅपटॉप आणला. चार्जिंग होतं, फोनचं नेट होतं. नकाशा कधीचाच तयार होता, खुला करायचं बटण तेवढं मी घरच्यांची मर्जी बघत महिनाभर दाबलं नव्हतं.

ते दाबलं. मग कपाटाशी गेले, रेघेवर हात ठेवला आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“नकाशा आता सगळ्या गावाला दिसतोय. मावशीच्या वाटेतलं हे कपाट जड आहे, सकाळी हलवायला दोघं लागतील. एक मी. दुसरे तुम्ही, काका.”