घरातलं तिसरं माणूस

पहिल्या भेटीत ती त्याला एवढंच म्हणाली, “हलू नका.”

सोडवलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पिंजऱ्यांची दारं दुरुस्त करायला आलेला सुतार खरंच हलला नाही. छळातून सोडवून आणलेली पिटबुल जातीची कुत्री, ठमी, सैल कडीतून निसटून चक्क त्याच्या पायावर बूड टेकून बसली होती. एरवी माणूस दिसलं की ती कोपरा गाठायची.

“बसू द्या, डॉक्टर,” तो हळूच म्हणाला. “मला... काही घाई नाही.” आणि त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की प्राण्यांच्या त्या डॉक्टरला उगाचच कपाटातल्या बाटल्या पुसाव्याशा वाटल्या.

दोन दिवसांचं काम त्याने बारा दिवस पुरवलं. तिनेही घाई केली नाही.

राखणीला किंवा पिल्लं विकायला ठमी मागणाऱ्यांना तिने केव्हाच वाटेला लावलं होतं. नियम एकच: घरातलं एकूणएक माणूस भेटल्याशिवाय कुत्रं द्यायचं नाही. तीन कुटुंबं येऊन गेली, तिन्ही वेळा ठमी गुरगुरली. आता चौथ्यांदा तेच झालं, तर बिचारीचा जन्म पिंजऱ्यातच जाणार होता.

सुताराने अर्ज भरला. घरातली माणसं: तीन. रविवारी मात्र तो आईला तेवढं घेऊन आला, आणि आईच्या हातात काठी होती. काठी पाहताच ठमी थरथरत मागे सरकली.

आईने काठी लेकाकडे दिली आणि सावकाश बाकावर बसली. “मलाही नाही गं आवडत ती,” ती ठमीला म्हणाली. बऱ्याच वेळाने ठमी पुढे आली, चप्पल हुंगली आणि तिच्या पावलावर डोकं ठेवून आडवी झाली. डॉक्टरच्या जिवात जीव आला, पण घडीभरच.

“तिसरं माणूस कुठंय?” तिने कोरडेपणाने विचारलं. बायको असणार. आणि आपण वेड्यासारखं बारा दिवस... “ते आल्याशिवाय ठमी मिळणार नाही.”

सुतार नुसताच काठी चाचपत राहिला.

“सांग की,” आई म्हणाली. “घरी तर दुसरा विषय नसतो तुझा.”

“ते माणूस ठमीला रोज भेटतं,” तो कसाबसा म्हणाला. “म्हणजे— तुम्हीच. विचारायच्या आधीच लिहून बसलो. चुकलं माझं. तिनाचे दोन करतो... द्या.”

तिने अर्ज चटकन पाठीमागे धरला. हसू मात्र लपवता आलं नाही.

“आमच्याकडे अर्जात खाडाखोड चालत नाही,” ती म्हणाली.