चौदा नंबरच्या खाटेची गाठ

सरका गा जवळ, अन् ते मोबाईल ठेवा खाली. माह्या साळ्याची पोरगी मेघा, नागपुरात नर्स होती. खोटं वाटलं तर कामठीले जाऊन तिचा खांदा पाहून या.

यंदाच्या जानेवारीची बारा तारीख, सोमवार. रात्रीचे दोन वाजून दहा. मेघा बँडेजचा रोल आणाले स्टोअरात निघाली. चौदा नंबरच्या खाटेवरचा रामाजी म्हातारा सारखा उठून राहिला होता. वार्डात चाळीस पेशंट, नर्स एकटी. पेशंट पडला की नोकरीवर येते. मग काय, हात खाटेले बांधायचे. मेघाची गाठ ठरलेली, दुहेरी फासा अन् वरून तिरपा पीळ. तशी दुसऱ्या कोणाले जमत नव्हती.

याच खाटेवर महिनाभर पहिले कुहीचा धोंडबा होता. "लघवीले जाऊ दे वं माय," म्हणे. हिनं त्यालेही बांधलं, खाटेचे कठडे वर केले. म्हातारा बांधल्या हातानंच कठडा चढला. डोकं फरशीवर फुटलं, जागीच गेला. हात वरच लटकला, खांद्यातून उखडून. डॉक्टर यायच्या आत मेघानं गाठ कैचीनं कापली, रक्ताचं बँडेज कचऱ्याच्या पिवळ्या थैलीत फेकलं अन् लिहून देलं, पेशंट स्वतः उतरला. असं लिहिल्यानं पाप धुतल्या जाते का बाप्पा?

तर ती रोल घेऊन आली. रामाजीचे हात बांधले. कठडे वर केले. वळली.

"लघवीले जाऊ दे वं माय..."

रामाजी तर घोरत होता.

"कोण...?"

मेघाचं मनगट धरलं कोणीतरी. थंडगार हात. ओढलं. खाटेवर, मग कठड्यावरून खाली. कपाळ फुटलं. उचललं... परत आपटलं. दात तुटले. परत... खांदा कडकन् वाजला. तोंड उघडं, आवाज नाही...

साडेपाचाले वार्डातली मावशी आली. मेघा फरशीवर रक्तात पडलेली, एक हात कठड्याले बांधून वर लटकलेला. रामाजी मोकळ्या हातानं खाटेवर बसलेला.

"एक म्हातारा आल्ता," तो म्हणे. "लघवीले घेऊन गेला मले, हात धरून. दुसरा हात लोंबत होता बिचाऱ्याचा."

मेघानं शुद्धीवर येताच धोंडबाचं सगळं खरं सांगून टाकलं. नोकरी गेली.

मावशीनं तिचा हात सोडवला तेव्हा गाठ तीच होती, दुहेरी फासा, वरून तिरपा पीळ. पण बँडेज नव्या रोलातलं नव्हतं. वाळल्या रक्तानं काळं पडलेलं, अन् एका जागी कैचीनं कापलेलं होतं.