होल्याच्या पिंजऱ्यातलं वायफाय

दानांगची ती डबी बिघडली असती, तर लारासचा फायदाच फायदा होता! धाकटा भाऊ तेगार पुन्हा तिच्या मागे मागे फिरला असता, सुट्टीतल्या मोहिमांचं पुढारीपण तिच्याकडे परत आलं असतं आणि टेम्पेच्या, म्हणजे सोयाबीनच्या, तळलेल्या वडीचा मोठा तुकडा आईने पाहुण्याच्या ताटात वाढला नसता.

पण डबी ठणठणीत होती. मुठीत मावेल एवढी, दोन अँटेना, चिमुकला पडदा. वायफायमधल्या कच्च्या जागा तपासायचं यंत्र! सुराबाया शहरातल्या शाळेत मावसभाऊ दानांगला ते बक्षीस मिळालं होतं आणि चार दिवस तो ते गळ्यात अडकवून मिरवत होता.

"हात नको लावूस हं, लारास!"

"कोण लावतंय! आमच्याकडे टीव्हीचा रिमोट आहे तसला!"

तेवढ्यात आईच्या दुकानापुढे आरडाओरडा झाला. गल्लीच्या वायफायची कूपनं आईच विकायची. कूपनावरचे अंक टाकले की दिवसभर नेट. पण आठवडाभर कोरी कूपनं आधीच वापरलेली निघत होती!

"बू रत्ना वापरलेली विकतात, दुसरं काय!" आईकडे बोट दाखवत शेजारचे पाक दार्सोनो म्हणाले. त्यांच्याकडे बाईंना आदराने 'बू' म्हणतात आणि पुरुषांना 'पाक'.

गल्लीचे प्रमुख पाक सुरोसो मान हलवत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर विक्री दार्सोनोंकडे."

आईचा चेहरा बघून लारास दानांगकडे वळली. "दानांग... तुझी डबी... बघतोस जरा?"

"कुठली? तो रिमोट?"

"बघ ना रे!"

पडद्यावर गल्लीच्या वायफायचं नाव दोनदा आलं!

"यातलं एक खोटं आहे!" दानांग ओरडला. "लोक त्यात अंक टाकतात आणि ते चोराला मिळतात!"

"मग शीर ना त्यात!"

"छे! सरांनी बजावलंय, परवानगीशिवाय कुणाच्या नेटमध्ये शिरायचं नाही. त्याच्या सिग्नलचा जोर कुठे वाढतो, तेवढंच बघायचं."

"आला मोठा शहाणा!"

जोर वाढत वाढत बॅडमिंटनच्या मैदानाशी सगळ्यांत जास्त झाला. दानांग आणि तेगार बाकांखाली शोधू लागले. काहीच नाही! लारासने वर पाहिलं. पाक दार्सोनोंच्या पाच उंच बांबूंवर पाळलेल्या होला पक्ष्यांचे पाच पिंजरे चढवलेले होते. चार होले उन्हात घुमत होते. पाचव्या पिंजऱ्यावर कापडाची खोळ होती.

भर उन्हात खोळ? होला वर चढवतात तो ऊन खायला! हे त्या डबीवाल्याला कुठून कळणार! लारासला गुदगुल्या झाल्या.

ती धावत जाऊन पाक सुरोसोंना घेऊन आली. मागोमाग पाक दार्सोनोही आले.

"पाक दार्सोनो, तुमचा होला आजारी आहे का हो? गुदमरेल बिचारा! खाली घेऊन पाणी देऊ?"

"न... नको! नवा आहे तो. लाजतो."

"लाजतो, मग एवढ्या उंच कशाला चढवलात?"

पाक सुरोसोंनी स्वतःच दोरी सोडून पिंजरा उतरवला आणि खोळ काढली. होला नव्हताच! पॉवर बँकेला जोडलेली एक पेटी लुकलुकत होती.

पाक दार्सोनो मटकन बाकावर बसले. "कूपनं विकायला मीच आधी मागितली होती. तुम्ही रत्नाला दिलीत. तिच्या दारात रोज ती रांग... बघवत नव्हतं हो!"

लारासचे कान तापले. तिने पटकन नजर दुसरीकडे वळवली.

"शाबास! काय हुशार यंत्र आहे!" पाक सुरोसोंनी दानांगची पाठ थोपटली. लारासने नाक मुरडलं!

"यंत्राने मैदानापर्यंत आणलं, पाक," दानांग म्हणाला. "खोळ हिला दिसली. मी तर बाकाखाली होतो!"

"मग दोघांनाही शाबास! आणि मी मात्र विचारपूस न करता बोललो, रत्ना. चुकलंच माझं."

संध्याकाळी सगळा हिशेब मिटला. पाक दार्सोनोंनी प्रत्येकाला नवं कूपन घेऊन दिलं आणि बैठकीत आईची माफी मागितली. पाक सुरोसोंना भरल्या सभेत शब्द परत घ्यावा लागला. सगळ्यांत महाग पडलं ते लारासला. तिला गल्लीदेखत मोठ्याने म्हणावं लागलं, "दानांग, तुझी डबी भारी आहे!"

तेही दोनदा. पहिल्यांदा म्हणे त्याला नीट ऐकू आलं नाही!