टेम्पमधला नकाशा

"चोर घरातलाच आहे, कुमुदताई! पाच वाजता पोलिसात देते त्याले!"

तेलीबांधा भागातल्या नकाशांच्या ऑफिसात कुमुदने पाय ठेवताच मालकीण वनमाला देवतळे सुरू झाल्या. नव्या राज्याच्या नव्या राजधानीत सगळ्यांनाच घाई, आणि नेमका सिलतऱ्याच्या नळयोजनेचा नकाशा आज सकाळी सगळ्यांच्या सामाईक कॉम्प्युटरमधून गायब! कुमुद वैरागडे खाजगी तपास करायची. सोबत दीर भास्कर. त्याने आल्याआल्या खुर्ची गाठली.

"नकाशा टेम्प फोल्डरमध्ये, तात्पुरत्या फायलींत होता," वनमालाबाई येरझारा घालत म्हणाल्या. "तिथली फाईल ती ठेवणाराच पुसू शकतो, नाहीतर कॉम्प्युटर सांभाळणारा गौतम. त्यानंच विकला!"

"कामाचा नकाशा टेम्पमध्ये काहून?" कुमुदने विचारलं.

"सर्वांले उघडता येते ना! सगळे तिथंच ठेवतात."

गौतमचं तोंड उतरलं होतं. "मी हात नाही लावला, ताई. सकाळी आठला आपोआप सफाई होते. दहा दिवसांत न बदललेल्या फायलीच जातात. नकाशा तर काल आला! अन् सफाई होऊनही कॉम्प्युटरमधली जागा मोकळी नाही झाली, तेच समजून नाही राहिलं."

नकाशा आणणारा संग्राम म्हणाला, "मैंने कल शाम पेन ड्राइव से फाइलों का बंडल खोला, दीदी. नक्शा तो तीन हफ्ते पहले ही बन गया था."

"माझ्या स्क्रीनवर कालपासून उघडाच आहे," राधिका म्हणाली. ती नकाशा तपासत होती. "फोल्डरमध्ये मात्र दिसत नाही."

"मशीनच बिघडलं! बंद करून चालू करा!" वनमालाबाईंचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला.

"हात मागे!" कुमुद ओरडली. भास्कर खुर्चीतून ताडकन उठला.

"चोर कोणीच नाही," कुमुद म्हणाली. " बंडलमधून काढलेली फाईल आपली जुनी तारीख घेऊन येते. नकाशा आला काल, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. सफाईनं ती पाहिली अन् पुसला."

"म्हणजे गेलाच की, वहिनी!"

"मग जागा काहून मोकळी नाही झाली, भाऊजी? दारावरची पाटी काढली, भाडेकरू आतच आहे. उघडी फाईल पुसली तर नुसतं नाव जाते. राधिकाकडे उघडी आहे तोवर मजकूर राहतो. मशीन बंद केलं असतं, तर तोही गेला असता."

गौतम राधिकाच्या स्क्रीनसमोर बसला. दहा मिनिटांत त्याने उघड्या फाईलमधून नकाशाची नवी प्रत काढली.

"चूक माझीबी आहे," तो म्हणाला. "फाईल इथं कधी आली, कोणी उघडून बसलं आहे का, हे पाहूनच सफाईनं पुसावं, असं मी लावायले पाहिजे होतं."

"जाऊ दे, झालं ते झालं," वनमालाबाई हळूच म्हणाल्या.

गौतमचे डोळे भरले. "मले सगळ्यांसमोर चोर म्हटलं, मॅडम. आता मी चोर नाही, हेही सगळ्यांसमोर म्हणा."

 वनमालाबाईंनी आतल्या खोलीतल्या माणसांनाही बाहेर बोलावलं.