पांढरी पडलेली अंगठी

अंगठीची वरची बाजू पिवळी होती. खालची बाजू, जी मूठ मिटली की तळहातात लपते, ती पांढरट राखाडी झाली होती. दोन रंगांच्या मध्ये ठळक रेघ नव्हती. उजाडताना दिव्याची ज्योत फिकी होत जावी, तसे पिवळे हळूहळू पांढऱ्यात विरत होते.

ताईंनी अंगठी भिंगाखाली सावकाश फिरवली. मग तळहातावर घेऊन हात हलकेच खालीवर केला. खासगी तपासाचे काम हाती घेण्याआधी त्यांचे आयुष्य प्रयोगशाळेत गेले होते.

"जड आहे," त्या म्हणाल्या.

"खोटीसुद्धा जड असू शकते की," भाऊ म्हणाला. भाऊ त्यांचा धाकटा भाऊ, पेशाने शिंपी. दुकान मुलाच्या हाती सोपवून तो आता बहिणीबरोबर हिंडत असे. दुपारचे जेवण झाले की त्याला सगळे जग पाण्याखाली असल्यासारखे दिसे, आणि आत्ता दुपारच होती.

समोर बसलेल्या तरुण बाईने, त्या अंगठीच्या मालकिणीने, पदराचा पीळ घट्ट केला. "माझ्या आईची आहे ती. नणंदेनं बदलली. खरं सोनं काढून घेतलं नि हे मुलामा दिलेलं माझ्या गळ्यात मारलं. आता मुलामा उडतोय, दिसतंय ना?"

"सोनाराला दाखवली?"

"नाही. घरची लक्तरं कशाला वेशीवर टांगायची? पण मी बॅग भरून ठेवलीय. खरं काय ते कळलं नाही, तर उद्या सकाळी पोरीला घेऊन घर सोडणार. ज्या घरात कुणावर विश्वास टाकता येत नाही, तिथे लेकरू कसं वाढवायचं?"

तिने पाणी मागितले, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "हल्ली कशालाच चव नाही. नाणं चघळल्यासारखं वाटतं. झोपही नाही. घरात कुणालाच नाही म्हणा. पोरगी रात्रभर किरकिरते आणि दिवसा आम्ही एकमेकांच्या अंगावर धावून जातो."

ताईंनी अंगठी आधी कोरडी तोलली, मग दोऱ्याला बांधून पाण्याच्या पेल्यात सोडली. पेला वजनकाट्यावर होता. आकड्यांकडे बघून त्यांनी मान डोलावली. पण अंगठी तिला परत दिली नाही. ती छोट्या बरणीत टाकून त्यांनी झाकण घट्ट लावले.

"ही आज बोटात नको," त्या म्हणाल्या. "चला, तुमच्या घरी जाऊ."

घर दुमजली होते. खाली सासऱ्यांचा दवाखाना, वर बिऱ्हाड. जिना चढताना भाऊला वरून एक संथ गुणगुण ऐकू आली, जणू झोपेत कुणी एकच सूर धरून बसले आहे. दार उघडले तर तिचा नवरा व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होता. पडद्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती.

"बायको रुसलीय, म्हणून म्हटलं आज आपणच..." तो ओशाळून हसला.

"आधी ते बंद करा!" ताई ओरडल्या.

भाऊ दचकला. ताईंचा आवाज चढलेला त्याने फार क्वचित ऐकला होता.

नवऱ्याने बटण दाबले. "अंगठीचं मला विचाराल तर मी दोन्हीकडून मरतोय. बहिणीची बाजू घेतली तर बायको बोलत नाही, बायकोची घेतली तर बहीण जेवत नाही."

"घर रोज कोण झाडतं?"

"हीच. पिशवीतली धूळही हीच काढते. कापडी पिशवी आहे, हातानं झटकायची नि परत लावायची. मला शिंका येतात ना."

"शिंका कामापुरत्याच येतात यांना," बायको भिंतीकडे बघत म्हणाली.

नणंद आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. डोळे सुजलेले. तिने विचारण्याचीही वाट पाहिली नाही. "घातली होती मी, एक संध्याकाळ. वहिनीनंच दिली होती. तेव्हा पिवळीधमक होती आणि तशीच परत दिली. आत छोटा पोचा आहे, वहिनीनं लहानपणी चावली होती म्हणे. मी चोर असते तर असलं काही लक्षात ठेवलं असतं का?"

"पोचा अजून आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "घरात दुसरं काही वाजलंय?"

"बाबांचं. हात थरथरतात, दवाखाना बंद करा म्हणून आम्ही सगळे मागे लागलोय. ते म्हणतात, 'बघू.' किती वर्षं 'बघू'च चाललंय. आणि गंमत सांगू? ज्यांनी जन्मात स्वतःचा कप उचलून ठेवला नाही, ते मध्ये एकदा व्हॅक्यूम घेऊन खाली दवाखाना साफ करायला गेले!"

"कधी?"

"अंगठीचं भांडण सुरू व्हायच्या थोडं आधी."

खाली दवाखान्यात काहीच फेकलेले नव्हते. मुदत संपलेली औषधे, रंग उडालेल्या बाटल्या, गंजके डबे, सगळे फडताळांत दाटीने उभे होते. त्या मंद उजेडात भाऊला वाटले, ही सगळी मंडळी आपला नंबर यायची वाट बघत बसली आहेत. डॉक्टर टेबलामागे होते. टेबलावर कोरे करकरीत विजेचे बी.पी.चे यंत्र होते.

एका फळीवर जाड धूळ होती आणि त्या धुळीत एक लांबट, स्वच्छ चौकोन.

"इथे काय होतं?" ताईंनी विचारले.

"जुनं बी.पी.चं यंत्र. दुरुस्तीला दिलंय."

"कुणाकडे?"

"आहे एक जण." डॉक्टरांनी हात टेबलाखाली घेतले.

ताईंनी सगळ्यांना दवाखान्याच्या दारात बोलावले. लहानगीला मात्र शेजारी पाठवायला लावले. मग पडदे ओढून घेतले.

"ताई, चोर सापडला का तुला?" भाऊ कुजबुजला.

"चोर नाहीच, भाऊ. विजेरी दे."

त्यांनी विजेरी जमिनीलगत आडवी धरून पेटवली. फरशीच्या सांध्यांत, टेबलाच्या पायाशी, भिंतीच्या कडेला बारीक बारीक चंदेरी ठिपके लुकलुकले. भाऊला वाटले, आभाळ जमिनीवर उतरले आहे आणि आपण त्याच्या काठावर उभे आहोत.

"पारा," ताई म्हणाल्या. "अंगठी बदललेली नाही. पाण्यात तोलली, अस्सल सोनंच आहे. पोचाही तोच. मुलामा उडाला असता तर जिथे घासतो तिथे सगळीकडे उडाला असता, वरूनसुद्धा. ही फक्त तळहाताच्या बाजूनं पांढरी झाली, म्हणजे जे लागलं ते मुठीतून लागलं. सोनं पाऱ्याला लगेच धरून ठेवतं आणि पांढरं पडतं. आता घरात मुठीनं कचरा कोण उचलतं?"

"मी," सून पुटपुटली. "पिशवी झटकताना."

"म्हणून नणंदबाईंनी घातली तेव्हा ती पिवळी होती. पारा पिशवीत आला नंतर, आणि तो आला कुठून हे त्या फळीवरच्या चौकोनानं सांगितलं. जुन्या यंत्राच्या नळीत पारा असतो. ते फुटलं. ज्यांनी कधी कप उचलला नाही, त्यांनी व्हॅक्यूम उचलला. झाडूनं पारा पसरतो, पण व्हॅक्यूमनं त्याहून वाईट होतं. तो गरम होतो, पाऱ्याची वाफ करतो आणि फुंकतो. त्या दिवसापासून रोज ही वाफ घरभर फिरतेय. तोंडातली चव, उडालेली झोप, चिडचिड, पोरीची किरकिर... तुम्ही एकमेकांवर संशय घेत बसलात आणि इकडे हवाच बिघडली होती."

"डॉक्टर असून बाबांना कळलं नाही?" नवरा म्हणाला.

"कळलं होतं," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "अर्धवट. आम्ही शिकत असताना पारा तळहातावर खेळवायचो. वाटलं, चिमूटभर तर आहे. यंत्र हातातून निसटलं, आणि मला एवढंच सुचलं की हे कळलं तर तुम्ही म्हणाल, बघा, हात थरथरतात." त्यांनी तपासणीच्या पलंगाखाली बोट दाखवले. टॉवेलात गुंडाळलेले लांबट खोके तिथे होते. "सूनबाईच्या हाताला हे लागेल, हे डोक्यातच आलं नाही."

सून नणंदेकडे वळली. "वन्सं, मी तुम्हाला..."

"नंतर रड," नणंद म्हणाली. पण हात तिचाच आधी पुढे झाला.

"दोघी नंतर रडा," ताई म्हणाल्या. "आधी कपडे बदला, हे कपडे इथेच बांधून ठेवा आणि बाहेर पडा. सगळ्यांची रक्त-लघवी तपासून घ्या. खिडक्या उघड्या, आतली दारं बंद. व्हॅक्यूम परत चालवायचा नाही, जाड पिशवीत बांधून ठेवायचा. मोठे थेंब ताठ पुठ्ठ्यानं गोळा करून ड्रॉपरनं झाकणाच्या बरणीत, बारीक थेंब चिकटपट्टीवर. मोरीत काही ओतायचं नाही, कचऱ्याच्या पेटीत काही टाकायचं नाही. नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला आधी फोन करा, ते सांगतील तसं नेऊन द्या. आणि अंगठी सोनाराकडे बरणीतूनच न्या, पारा लागलाय हे सांगून. कुणी शहाणपणा करून ती गॅसवर धरू नका."

"मी आयुष्यभर विजारी कापल्या," भाऊ म्हणाला, "मला हे कसं कळणार होतं?"

"तुला नाही रे. तुला विजेरी द्यायला सांगितलं होतं, ती दिलीस."

सून भरलेली बॅग घेऊन खाली आली. नणंदेने तिच्या हातातून बॅग घेतली. "मीही येतेय. घराची हवा निवळेपर्यंत तुझ्या माहेरी. चालेल?"

"चालेल काय, यायचंच."

डॉक्टर दाराशी उभे होते. मागे फडताळांतल्या बाटल्या, पुढे सगळे घर. मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. यावेळी कुणीच त्यांच्या मागे लागले नाही. डॉक्टरांनी थरथरणारे हात लपवले नाहीत. त्यांनी फडताळांवरून सावकाश नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले,

"दवाखाना आजपासून बंद."