सातव्या धड्याचा आवाज

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. भाचीच्या मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ चालू होता. त्यातल्या बाईचे ओठ मिटायचे आणि मग तिचं वाक्य ऐकू यायचं. भाचरं हसत होती. रेडिओमामा तेवढे हसले नाहीत.

"ते बंद कर आधी," ते म्हणाले.

चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्त करून मामांना ते नाव पडलं होतं. एरवी ते कुणाचीही फिरकी घेणारे. त्यामुळे आताही काहीतरी गंमत निघणार, असं सगळ्यांना वाटलं. भाची म्हणाली, भुताची गोष्ट सांगणार असाल तरच बंद करते, आणि तीही खरी हवी.

"खरीच आहे," मामा म्हणाले. "खोटी असती तर याहून चांगली सांगितली असती."

मामांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका व्हिडिओवाल्याचं दुकान होतं. समारंभांचं शूटिंग करायचा. कॅमेरा डोळ्याला लावला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, 'जरा हसा.' गल्लीने त्याचं नावच हसाभाऊ ठेवलं. नोव्हेंबरातल्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला हा हसाभाऊ जिना उतरून मामांकडे आला आणि जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे का, म्हणून विचारू लागला. त्याचा बिघडला होता, आणि नव्या कॉम्प्युटरला तर ती खाचच नसते. मामांनी भंगाराच्या खोक्यातून एक शोधून पुसून दिला. कशाला हवाय, विचारलं. तो म्हणाला, "हिच्या डिस्क आहेत. मुलगी उद्या सकाळी न्यायला येतेय."

'ही' म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

ती घरी शिवणाचा वर्ग चालवायची. ज्या मुलींना रोज येणं जमायचं नाही, त्यांच्यासाठी तिने नऊ धडे स्वतःच रेकॉर्ड करून ठेवले होते. टेबलासमोर कॅमेरा, कॅमेऱ्याची वायर टीव्हीखालच्या रेकॉर्डरला, आणि रेकॉर्डर थेट डिस्कवर उतरवून घेणार. एक पायरी झाली की ती पॉज दाबायची, कापड नीट लावून घ्यायची, पुन्हा सुरू करायची. हसाभाऊ तिला दहादा म्हणाला होता की पॉज दाबू नकोस, नंतर निस्तरणं जड जातं. ती म्हणायची, "तुमचं निस्तरणं तुम्ही बघा, माझी बाही मला नीट लागली पाहिजे."

मामांनी भाचरांना समजावून सांगितलं. आवाज आणि चित्र म्हणजे नवरा-बायको. घरातून एकत्र निघतात, पण दर थांब्यावर एक जण चप्पल शोधत मागे राहतो. प्रत्येक पॉजला आवाज थोडासा घसरतो. टीव्हीवर डिस्क लावली तर कळत नाही, प्लेअर सांभाळून घेतो. कॉम्प्युटरवर उतरवलं की सगळं उघडं पडतं. शेवटी शेवटी बाई कात्री ठेवते आणि 'खट्' दोन सेकंदांनी येतं. मग काय करायचं? जिथे आवाज डोळ्यांना दिसतो अशी जागा धरायची. टाळी, दार, कात्रीची खट्. ती खट् कात्रीखाली आणून बसवायची. दर पॉजला पुन्हा.

भाची म्हणाली, एवढं कोण करतं, त्या डिस्कच दिल्या असत्या मुलीला. मामा म्हणाले, ते सोपं होतं, पण तिच्याकडे प्लेअर नव्हता, आणि मुलीने तसं मागितलंही नव्हतं.

शोकसभेची गोष्ट होती ती. मुलगी आईबद्दल बोलायला उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, आणि माइक शिट्टी वाजवायला लागला. हसाभाऊ पहिल्या रांगेतून उठला, माइक तिच्या तोंडापासून दोन बोटं लांब केला, आणि म्हणाला, "आता बोल." ती बोललीच नाही. खाली जाऊन बसली. त्या दिवशी नाही, त्याआधी नाही, त्यानंतरही नाही, बापाच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही. मुलगी मावशीला म्हणाली, "आई गेलेली बाबांना कळलीच नाही. त्यांना माइक कळला." त्यानंतर आठ महिने दोघांत कामापुरतं बोलणं. आणि आता तिने एकच गोष्ट मागितली होती. आईचे नऊ धडे, आईचे ओठ आणि आईचे शब्द एकत्र. ते मिळाले की त्या घरातलं आणखी काही तिला नको होतं. पुन्हा येणारही नव्हती. तसं तिने सांगितलंच होतं.

"आणि हसाभाऊला काय वाटलं त्याचं?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले. "तेच तर. जेवायचा, झोपायचा, दुकान उघडायचा. दात काढल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो. तसा आख्खा माणूस झाला होता."

त्या रात्री तो घरी बसला होता. बाहेरच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, हेडफोन. मागे आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं, आत अंधार. अकरापर्यंत सहा धडे बसवून झाले. समोर बायको बोलत होती, कापडावर खडूने रेघा मारत होती, आणि हा तिच्या तोंडाकडे बघत होता ते फक्त ओठ कधी उघडतात एवढं पाहायला. मग त्याने सातवा धडा घेतला. बाही लावणे. साडेअकराला तो कॉम्प्युटरवर उतरला.

चित्र ठीक होतं. आवाज दुसराच होता.

बायको कात्री उचलत होती, आणि कानात फ्रिजची घरघर. बायको बोलत होती, आणि कानात कुणीतरी खुर्ची सरकवली. चार मिनिटं दहा सेकंदांवर एक स्कूटर बंद पडली. कुणीतरी तीन किका मारल्या आणि एक शिवी दिली. हसाभाऊने सुरुवातीचा भाग दोनदा ऐकला. दुसऱ्याच कुठल्या रेकॉर्डिंगचा आवाज मिसळला असेल म्हणून डिस्क काढून टीव्हीच्या प्लेअरला लावली. तिथे सगळं जिथल्या तिथे. कात्री, खट्, "आता मुंढ्याचा मध्य धरायचा." त्याने डिस्क पुन्हा कॉम्प्युटरला घातली. पुन्हा फ्रिज. पुन्हा खुर्ची.

तो पाणी प्यायला उठला, परत येऊन बसला आणि खुर्ची पुढे ओढली.

थोड्या वेळाने खाली रस्त्यावर एक स्कूटर बंद पडली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याची. एक किक. दुसरी. तिसरी. मग शिवी. तीच.

हसाभाऊने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चोपन्न आणि वर दहा सेकंद.

आता दुसरा कुणी असता तर दार उघडून पळाला असता. याने कागद ओढला आणि लिहिलं. फाइलचा शून्य म्हणजे आज रात्रीचे अकरा पन्नास. फरक कायम आहे, वाढत नाही. आणि त्याला बरंच वाटलं, कारण फरक कायम असला की एकदा सरकवलं की काम होतं.

भाची म्हणाली, "भीती नाही वाटली त्यांना?"

"भीती वाटायलाही आत कुणीतरी जागं लागतं, बाई."

मग त्याने हेडफोन नीट बसवले आणि फाइल भराभर सरकवत पुढचं ऐकलं. चित्राकडे बघितलं नाही.

एकोणिसाव्या मिनिटाला फोन वाजला. मग एका पुरुषाचा आवाज आला, "हो. होतंय. सात नंबर चालू आहे." त्याचाच आवाज. फोन ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. फ्रिज. घड्याळ.

एकतिसाव्या मिनिटाला कुणीतरी रडायला लागलं.

पुरुष होता. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा. मग दाबून. मग न दाबता. हसाभाऊने आयुष्यात स्वतःचं रडणं ऐकलेलं नव्हतं. पण माणसाला आपला खोकला ओळखू येतो, तसं ते त्याला ओळखू आलं.

पुढे खाटेची फळी करकरली. आणि बायकोचा आवाज आला. धड्यातला मोठा, शिकवणारा आवाज नव्हता तो. घरातला होता. तिने एक वाक्य म्हटलं. त्यानंतर फाइलमध्ये काही नव्हतं.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एकतीस मिनिटं. म्हणजे बारा एकवीस.

बारा वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला. मुलगी होती. म्हणाली, "गाडी सुटली. साडेसातपर्यंत येईन. झालं का?"

याच्या मनात आलं, आपण दुसरं काहीतरी बोलू. थंडी आहे, शाल घे. खाल्लंस का. काहीही. तोंड उघडलं, आणि...

"हो. होतंय. सात नंबर चालू आहे."

"बरं." तिने फोन ठेवला.

मामा इथे थांबले.

बारा तेरा. बारा पंधरा. हसाभाऊ हात मांडीवर ठेवून बसला. त्याला कळलं होतं आता काय यायचं ते. रडू यायचं, आणि मग ती बोलणार. इतकं सरळ होतं. तो रडू येण्याची वाट बघत बसला. गाडीची वाट बघावी तशी. हॉस्पिटलातला तिचा हात आठवून पाहिला. शेवटच्या आठवड्यात ती त्याला मुलीच्या नावाने हाक मारायची, ते आठवून पाहिलं. तिची चप्पल आठवून पाहिली. डोळे कोरडे. त्याने बोटाने चाचपून पाहिले.

बारा वीस.

कॉम्प्युटर बंद केला. उगाच त्यातून आवाज यायला नको.

बारा एकवीस.

काही नाही.

...मग रडणं सुरू झालं.

मागे. आतल्या खोलीत.

आधी श्वास अडकल्यासारखा. मग दाबून. त्याच्याच गळ्यातून निघावा तसा आवाज, आणि त्याचा गळा इकडे बंद. त्याने गळ्यावर हात ठेवला. काही हलत नव्हतं. आत मात्र...

तो उठला. दारापर्यंत गेला. दार अर्धवट होतं, तसंच. दिव्याचं बटण दाराशेजारीच. बोट त्यावर ठेवलं.

दाबलं नाही.

खाट करकरली. कुणीतरी काठावर बसावं तशी.

मग ती बोलली. तीन हातांवर.

"रडा, मी आहे इथे बसलेली."

हे ती याला म्हणाली नाही. जो रडत होता त्याला म्हणाली.

हा दारात उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नाही. आतला हळूहळू हुंदक्यांवर आला. मग नुसता श्वास. मग तोही नाही.

...

हसाभाऊ परत येऊन खुर्चीत बसला. कॉम्प्युटर सुरू केला. सातवा धडा लावला. बायकोने कात्री ठेवली. खट्. जिथल्या तिथे. कुठे सरकवावंच लागलं नाही. आठवा आणि नववा त्याने हाताने बसवले, चार वाजले. आतल्या खोलीत तो गेला नाही. टेबलावरच डोकं ठेवून पडला.

साडेसातला मुलगी आली. याने पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या एक धडा लावून बघितला, आईचे ओठ बघितले, मान हलवली. 'छान झालंय' एवढं म्हणाली, गिऱ्हाईक म्हणतं तसं. मग तोंड धुवायला आतल्या खोलीतून मोरीकडे गेली.

बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उशी होती. तिने ती बापासमोर धरली. मधोमध ओला डाग होता, एका गालाएवढा.

"रात्रभर?" तिने विचारलं.

हसाभाऊने उशीकडे पाहिलं. सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. हा मी नाही, एवढे तीन शब्द. पण मुलगी त्याच्या शेजारी येऊन बसली होती आणि तिने त्याचा हात धरला होता. आठ महिन्यांनी. ती रडत होती. तो तिच्या हाताकडे बघत बसला.

ती तीन दिवस राहिली. अजूनही महिन्याकाठी येते. बापाचं मन मोकळं झालं म्हणते.

"आणि त्यांचं?" भाचीने हळूच विचारलं. "ते रडले नंतर कधी?"

मामांनी नकारार्थी मान हलवली. महिनाभराने ड्राइव्ह परत द्यायला आला तेव्हा हसाभाऊने हे सगळं त्यांना सांगितलं होतं. आवाज न चढवता, एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं. मामांचा विश्वास बसला नव्हता. मग त्याने खिशातून उशीचा अभ्रा काढून काउंटरवर पसरला. धुतलेला, इस्त्री केलेला. मुलीने तीनदा धुतला होता, त्याने दोनदा.

मधोमध गालाएवढा डाग होता. मामांनी बोट लावून पाहिलं.

ओला होता.