दीड हात रिकामी टीप

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेली नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलं. आणि भुतांच्या गोष्टी जशा रात्री बाराच्या ठोक्याला घडतात, तशी ही घडली नाही. मंगळवार होता. दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, साठ बायका, साठ मशिनं आणि कानठळ्या बसवणारा आवाज.

मावशी ज्या कारखान्यात शिवते, तिथे लहान मुलांची पोहण्याची जॅकेटं बनतात. पोर पाण्यात पडलं तरी तरंगत ठेवतात, ती. मावशीकडे खांद्याच्या पट्ट्याचं काम. बुडणाऱ्या पोराला वर ओढायचं तर तोच पट्टा हातात येतो. म्हणून मावशी एकेक टीप डोळ्यांत तेल घालून मारायची.

तिच्या शेजारच्या मशीनवर तीन वर्षं तिची मुलगी बसायची. बिट्टी. माझी मावसबहीण, एकवीस वर्षांची, आणि कानाची भलती तिखट.

आता शिलाईतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनला दोन दोरे असतात. वरचा सुईत, खालचा बॉबिनमध्ये. वरचा तुटला तर लगेच दिसतो. खालचा संपला तर कळतच नाही. मशीन धावत राहतं, सुई भोकं पाडत राहते, वरून दोरा अगदी शहाण्यासारखा सरळ दिसतो. कापड उलटून बघाल तर खाली काहीच नाही. नुसती भोकांची रांग. जरा ओढलं की सगळं सुटून हातात.

त्याला तिथल्या बायका रिकामी टीप म्हणतात.

खालचा दोरा संपला की मशीनचा आवाज किंचित बदलतो, त्यातला दम जातो. बावीस वर्षं त्या गोंगाटात काढून मावशीचे कान बोथट झाले होते. तिला तो फरक कळायचा नाही. बिट्टीला मात्र स्वतःचं मशीन चालू असतानाही आईच्या मशीनचा कळायचा. मान वर न करता ती कात्रीच्या मुठीने टेबलावर दोनदा वाजवायची.

टक. टक.

मावशी पाय उचलायची, बॉबिन बदलायची. अख्ख्या लाइनला ते माहीत होतं. पलीकडच्या मशीनवरची बाई, जिला तिच्या अखंड बडबडीमुळे सगळ्या रेडिओ म्हणायच्या, ती चेष्टा करायची. "तुझं बरंय बाई. पोरगी जन्माला घातलीस का घंटा?"

घरीसुद्धा तेच. मावशीकडे जुनं पायाचं मशीन होतं. बिट्टी आतल्या खोलीत लोळत असायची आणि बाहेर बॉबिन संपली की आतून पलंगाच्या लोखंडी दांडीवर कात्रीचं टक टक यायचं.

मागच्या वर्षी बिट्टीला ताप आला. तो छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू आहेत, पडून राहू दे, उतरेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीने सुट्टी काढली. बिट्टीला अंगातला घट्ट कुर्ता सोसवत नव्हता, म्हणून मावशी बाहेरच्या खोलीत तिच्यासाठी सैलसर गाऊन शिवायला बसली. आकाशी कापड, पांढरा दोरा. मध्येच आतून बिट्टी म्हणाली, "आई, खिसा ठेव हं."

"पलंगावर पडून खिशात काय ठेवणारेस?"

"हात."

मावशी हसली. कडेची लांब टीप घेतली. काखेपासून खाली घेरापर्यंत. पाय चालत राहिला. टीप संपवून तिने कापड उलटलं...

खाली दोरा नव्हता.

दीड हात. दीड हात रिकामी टीप.

मावशी वैतागली. दुसऱ्या कुणावर नाही, पोरीवरच. कापड तसंच हातात घेऊन आत गेली. "काय गं, झोपलीस का? सांगितलं नाहीस ते?"

बिट्टी भिंतीकडे तोंड करून होती. कात्री हातातच होती.

ती गेली होती.

मावशी त्या दिवसापासून एकच हिशेब करत असते. दीड हात टीप मारायला किती वेळ लागतो. म्हणजे किती वेळ आधी... म्हणजे तेव्हा आपण थांबलो असतो तर... माझ्या आईने, बाबांनी, डॉक्टरांनीही सांगून पाहिलं की काही फरक पडला नसता. ती ऐकून घेते आणि मान हलवते. मनातून हलत नाही ते.

तो अर्धवट गाऊन तिने धुतला नाही, उसवला नाही. घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवला. घरच्या मशीनची सुई काढली आणि मशीन आमच्याकडे पाठवून दिलं. आमच्या माळ्यावर आहे ते.

महिन्याभराने मावशी कामावर परत गेली. घरात बसून तरी काय करणार? बिट्टीच्या मशीनची मोटर काढून दुसरीकडे लावली होती. शेजारी नुसता सांगाडा उभा होता, आणि टेबल.

आणि मग तो मंगळवार. चारला दहा कमी.

मावशी पट्टे शिवत होती. डोकं रिकामं, हात आपोआप चाललेले. साठ मशिनं एका सुरात ओरडत होती. आणि त्या सगळ्या आवाजाच्या आतून, अगदी कानाशी...

टक. टक.

मावशीचा पाय आपोआप उचलला गेला. बावीस वर्षांची नाही, पण तीन वर्षांची सवय होती ती.

तिने बॉबिन काढली. रिकामी होती.

मग तिच्या लक्षात आलं की वाजवणारं तिथे कुणी नाही.

शेजारच्या टेबलावर धूळ होती. कात्री नव्हती. पलीकडून रेडिओने विचारलं, "काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

"काही नाही. दोरा संपला."

त्या दिवशी आणखी दोनदा आलं. दुसऱ्या दिवशी तीनदा. दर वेळी बॉबिन रिकामी. मावशीने कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील, पोरीच्या दुःखाने डोकं फिरलं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत नव्हती. भीती आम्हाला वाटते, ऐकताना. तिला वाटत होतं की पोरगी कामावर आलीय.

दीड महिना असाच गेला. मग कारखान्यात सेन्सर आले.

फिटर आला, तरणा आणि बोलका. त्याने मावशीच्या मशीनला काडेपेटीएवढी डबी बसवली, वर एक लाल दिवा. "ताई, आता कानाला त्रास नको. खालचा दोरा संपत आला की दिवा लागेल आणि मशीन आपोआप थांबेल. एकही टीप रिकामी जायची नाही."

"एकही नाही?"

"गॅरंटी."

सगळ्या बायका खूश. मावशी सोडून.

त्या दिवशी दिवा पाच वेळा लागला. मशीन पाच वेळा थांबलं. टक टक एकदाही आलं नाही. कसं येणार? सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मावशी कानात प्राण आणून बसायची आणि तो लाल दिवा फक्क करून लागायचा. पोरगी दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं, असं ती मला म्हणाली.

तेराव्या दिवशी तिने जे केलं ते एरवी तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. सगळ्या जेवायला उठल्या असताना तिने सेन्सरची वायर काढली. टोकाला चिकटपट्टी लावली आणि वायर टेबलाखाली खोचून ठेवली.

तासाभराने...

टक. टक.

मावशी मशीनवर डोकं टेकून रडली. बॉबिन बदलून पुन्हा शिवायला लागली, तेव्हा हसत होती.

पण माणसाचं मन भरत नाही. दिवसातून पाचदा तिला कमी पडायला लागलं. मावशी बॉबिन अर्धीच भरायला लागली, म्हणजे ती लवकर संपेल. मग पाव भरायला लागली. पाचाचे दहा झाले, दहाचे वीस. दर वेळी ती थांबायची, शेजारच्या धुळीकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "हो गं बाई. ऐकलं."

रेडिओ बघत होती. पण काही बोलली नाही, आणि तिच्यासाठी हे मोठंच होतं.

एका गुरुवारी मावशीने पाव बॉबिन घातली. पाव बॉबिनमध्ये आठ पट्टे होतात, हे तिला आता पाठ होतं. सात झाले. आठ. ती ऐकत होती. नऊ. दहा.

काही नाही.

कदाचित जास्त भरली असेल. अकरा. कान देऊन ती शिवतच राहिली. बारा. तेरा.

शेवटी तिने स्वतःच पाय उचलला. बॉबिन रिकामी होती. हातातला पट्टा उलटला. भोकं. खालचा उलटला. भोकं. पाच पट्ट्यांपैकी दोनच टेबलावर होते. गठ्ठे नेणारी बाई मधेच येऊन बाकीचे घेऊन गेली होती. वरून ते अगदी चांगले दिसत होते. पुढच्या टेबलावर ते जॅकेटांना लागले होते, आणि जॅकेटं खोक्यांत गेली होती.

तीन पट्टे. पाचला गाडी येणार होती.

कुणाला काही कळलं नसतं. मग तिला कुठलंसं पाणी दिसलं, आणि एक पोर, आणि कुणा आईच्या हातात आलेला नुसता पट्टा.

ती उठून सुपरवायझरसमोर उभी राहिली. "साहेब, मी सेन्सरची वायर काढली होती. तीन रिकामे पट्टे पुढे गेलेत."

"काढली? का?"

मावशीला खोटं सुचलं नाही. "मुलीचा आवाज ऐकायचा होता मला."

सुपरवायझरने खोकी उघडायला सांगितली.

चाळीस खोकी. बायका एकेक पट्टा ओढून बघत होत्या. एक सापडला. अर्ध्या तासाने दुसरा. तिसरा काही मिळेना. गाडी दाराशी येऊन उभी राहिली. मशिनं सगळी बंद होती, नुसता कापडाचा खसखसाट. मावशी जमिनीवर बसली होती. पुटपुटत होती, "बिट्टे, एकदा. एकदाच सांग. पुन्हा नाही मागणार."

खसखसाट थांबला. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. सगळ्यांचे हात एकदमच थांबले.

आणि भिंतीकडच्या बंद खोक्यातून...

टक.

टक.

रेडिओनेही ऐकलं. मी तिला स्वतः भेटून विचारलंय. त्यानंतर ती दोन दिवस गप्प होती, हे सगळी लाइन सांगते.

खोकं उघडलं. वरचंच जॅकेट, सगळ्यात लहान मापाचं. मावशीने पट्टा धरून जरासा ओढला. तो अलगद तिच्या हातात आला.

खोक्यात बाकी काही नव्हतं. कात्री नाही, काही नाही.

मावशी आपल्या मशीनपाशी गेली. टेबलाखालून वायर काढली, चिकटपट्टी सोलली आणि वायर स्वतःच्या हाताने जागेवर बसवली. हिरवा ठिपका लागला. शेजारच्या टेबलावरची धूळ तिने पदराने पुसली.

"बास आता," ती म्हणाली. "दमलीस तू. मेल्यावरही मी तुला ओव्हरटाइम करायला लावला."

त्यानंतर टक टक आलं नाही. आजतागायत नाही. नोकरी राहिली, पट्ट्यांचं काम गेलं. आता ती खिसे शिवते.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

त्या गुरुवारी घरी आल्यावर मावशीने डबा उघडला. तिला तो गाऊन छातीशी धरायचा होता, बाकी काही नाही. घडी उलगडली. कडेची टीप उलटून पाहिली...

काखेपासून वीतभर, खाली दोरा होता.

पांढरा. बारीक, एकसारखा, वरच्या दोऱ्यात नीट अडकलेला. आई म्हणाली, हिनेच झोपेत हाताने शिवलं असेल. पण हाताची शिलाई लपत नाही. ती मशीनची टीप होती, त्याच जुन्या भोकांतून गेलेली.

महिन्याने दोन विती झाली. मावशी रोज बघायची, बोटांनी मोजायची. आधी तिला बरं वाटलं. मग शेवटून चार बोटं उरली तेव्हा तिने डबा बंद केला आणि माझ्याकडे आणून दिला. "तू ठेव. माझ्या घरात असला की माझ्याने उघडल्यावाचून राहवत नाही. पुरी होऊ देऊ नको म्हणावं तर तेही तोंडातून येत नाही गं."

बिट्टीला एक सवय होती. टीप संपली की टोकाला सगळे दोन उलटे टाके घालतात, ती तीन घालायची. आणि मग दोरा कापून उठून जायची.

डबा माझ्या कपाटात आहे. मशीन माळ्यावर, सुई नसलेलं. कालच मी डबा उघडला. उघडायला नको होता.

एकच बोट उरलंय.

मावशी दर रविवारी फोन करते. किती झालं ते कधी विचारत नाही. इकडचं तिकडचं बोलते, मग जरा थांबते आणि म्हणते, "अजून बाकी आहे ना गं?"

मी म्हणते, "आहे मावशी. बरीच आहे."